लखनौचा डाव

१९२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लखनौच्या 'माधुरी' मासिकात प्रेमचंदांची 'शतरंज के खिलाड़ी' ही कथा प्रसिद्ध झाली, तेव्हा जिच्यावर ती बेतलेली होती त्या घटनेस, म्हणजे अवधच्या खालशास, अडुसष्ट वर्षे लोटली होती. आणि तरीही आज अवधचे राज्य कसे बुडाले असे एखाद्या सामान्य वाचकास विचारले, तर तो गव्हर्नर जनरल डलहौसीच्या खलित्यांचा किंवा १८०१ च्या तहाचा दाखला न देता मीर रोशन अली आणि मिर्झा सज्जाद अली या दोन कल्पित जहागीरदारांचीच गोष्ट बहुधा सांगेल. ही दोघे स्नेही दिवस उगवल्यापासून बुद्धिबळाचा पट मांडून बसतात. मिर्झांच्या बेगमेने एके दिवशी संतापून पट बाहेर भिरकावला म्हणून ते मीरांच्या घरी बैठक हलवितात. तेथे आपल्या पत्नीचे काय चालले आहे याचा मीरांस पत्ता नसतो. आणि लष्करात हजर होण्याचे बोलावणे आल्याच्या भीतीने ते अखेर गोमतीपलीकडच्या एका ओसाड मशिदीत जाऊन खेळू लागतात. समोरून ईस्ट इंडिया कंपनीची फौज शहरावर चालून जाते, रक्ताचा थेंबही न सांडता नबाब कैद होतो, त्यास घेऊन फौज परत फिरते, आणि या दोघांच्या डोळ्यांत आपल्या धन्यासाठी पाणी येत नाही. परंतु पटावरच्या एका चालीवरून वाद पेटतो, कोणाचा पूर्वज गाजीउद्दीन हैदराच्या पदरी बावर्ची होता येथवर मजल जाते, तलवारी उपसल्या जातात, आणि दोघेही एकमेकांच्या हातून मरतात.

बुद्धिबळावर रचलेल्या कथा-कादंबऱ्या पाश्चात्त्य वाङ्मयात थोड्या नाहीत. नाबोकोवची लूझिन या खेळाडूवरील कादंबरी १९३० सालची आहे. श्टेफान त्स्वाइगने ब्राझीलमधील विजनवासात, १९४२ साली आत्मघात करण्याच्या थोडे आधी, आपली बुद्धिबळाची दीर्घकथा पुरी केली. या दोहोंत हा खेळ एकेका मनास ग्रासतो. प्रेमचंदांनी मात्र तो एका राज्याच्या मरणाशेजारी आणून बसविला, आणि त्यामुळे त्यांच्या कथेस एक जबाबदारी चिकटली जी त्स्वाइगच्या कथेस नाही: तिच्याकडे इतिहास म्हणून पाहिले जाते. म्हणून तो इतिहास प्रथम क्रमाने पाहिला पाहिजे.

अवधच्या नबाबीचा आरंभ १७२२ साली सआदत खान बुऱ्हानुल्मुल्क याला मोगल बादशहाने तेथील सुभेदारी दिली तेथून होतो. १७६४ च्या बक्सारच्या लढाईत शुजाउद्दौला पराभूत झाला, पुढल्या वर्षी अलाहाबादच्या तहाने त्याने कंपनीस पन्नास लाख रुपये खंडणी कबूल केली, आणि त्या दिवसापासून अवधच्या खजिन्याचा एक दरवाजा कलकत्त्याच्या बाजूस कायमचा उघडा राहिला. १७९८ साली सआदत अली खानास मसनदीवर बसविताना कंपनीने आपल्या फौजेच्या खर्चाचा आकडा वर्षाला ७६ लाखांवर नेला. आणि तीनच वर्षांनी गव्हर्नर जनरल वेलस्लीने, पैशाची फेड बिनबोभाट व्हावी या सबबीखाली, रोहिलखंड, गोरखपूर व दुआबाचा मुलूख मिळून सुमारे एक कोट पस्तीस लाखांच्या वसुलाचा, म्हणजे राज्याच्या जवळजवळ अर्ध्या भागाचा, कंपनीस ताबा देणारा तहनामा लिहून घेतला. दुसऱ्या बाजीरावाने वसईस जो तह केला तो १८०२ च्या अखेरचा. तैनाती फौजेचा जो फास पुण्याच्या गळ्यात पडला, तो लखनौत आदल्याच वर्षी पुरा आवळला गेला होता.

१८०१ च्या तहात एक कलम असे होते की, उरलेल्या मुलखात रयतेचे कल्याण होईल असा कारभार नबाबाने आपल्या अंमलदारांकरवी, परंतु कंपनीच्या सल्ल्याने, चालवावा. पुढील पंचावन्न वर्षांच्या साऱ्या घडामोडी या एका कलमात बीजरूपाने होत्या. राज्याच्या रक्षणाचा भार कंपनीने उचललेला असल्यामुळे नबाबास ना परचक्राची चिंता ना बंडाळीचे भय. सैन्य बाळगावे तर कंपनीचा दरबारातील वकील जो रेसिडेंट त्याच्या कपाळास आठी, कारभारात सुधारणा करावी तर त्यास रेसिडेंटची रजामंदी हवी. आणि कारभार बिघडला तर दोष मात्र सर्वस्वी नबाबाचा. वसूल इजाऱ्याने दिला जाई, चकलेदार व नाझीम हे वसुली अंमलदार तोफा घेऊन जमाबंदीस निघत, तालुकदार म्हणजे बडे जमीनदार आपापल्या मातीच्या गढ्यांत आणि त्यांभोवतीच्या बांबूंच्या रानांत दडून त्यांच्याशी लढत, आणि या झुंजीत भरडला जाई तो कुळवाडी. हे सारे खरे होते. पण त्याच अवधने १८१४ पासून नेपाळच्या युद्धासाठी कंपनीस कोटीच्या रकमा कर्जाऊ दिल्या, १८२५ साली ब्रह्मी युद्धाच्या वेळी आणखी एक कोट दिला, आणि १८१९ साली गाजीउद्दीन हैदराने कंपनीच्याच उत्तेजनाने 'बादशहा' ही पदवी धारण करून दिल्लीशी उरलेला नाममात्र संबंध तोडला, हेही तितकेच खरे आहे. १८२५ च्या कर्जाची रक्कम परत मिळावयाची नव्हती. तिचे व्याज राजघराण्यातील मंडळींस वंशपरंपरेने 'वसीका' म्हणून मिळावे अशी तजवीज होती. लखनौचे वसीकेदार ज्या नेमणुकीवर जगत ती, म्हणजे, कंपनीची मेहेरबानी नसून त्यांच्याच पूर्वजांनी कंपनीस दिलेल्या पैशाचे व्याज होते.

१८४७ च्या फेब्रुवारीत वाजिद अली शाह तख्तावर आला तेव्हा त्याचे वय पंचवीसच्या आत होते. कविता, ठुमरी, कथक आणि राधाकृष्णाच्या लीलांवर रचलेले 'रहस' यांत तो आकंठ बुडालेला होता यात शंका नाही. कैसरबागेचा अफाट वाडाही त्यानेच उठविला. परंतु अब्दुल हलीम शररने जुन्या लखनौचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात या राजाचे आरंभीचे दिवस निराळे दिसतात: तो स्वतः घोड्यावर बसून कवायती घेई, पलटणींना 'बांका', 'तिरछा', 'घनघोर' अशी कविमनास शोभणारी नावे देई, रस्त्याने स्वारी चालली की लोकांचे अर्ज स्वीकारी. हा उत्साह टिकला नाही. तो राजाच्या स्वभावदोषाने मावळला की, सैन्याची उठाठेव रेसिडेंटच्या डोळ्यांत सलते हे ध्यानी आल्याने मावळला, याचा निवाडा एका बाजूस झुकवून देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. दोन्ही कारणे एकमेकांस पोसत होती. राज्यारोहणाच्याच वर्षी गव्हर्नर जनरल हार्डिंजने लखनौस येऊन त्यास दोन वर्षांत कारभार सुधारण्याची तंबी दिली. सुधारण्यास लागणारी सत्ता मात्र दिली नाही.

१८४९ साली रेसिडेंट होऊन आलेला स्लीमन हा या प्रकरणातील सर्वांत चमत्कारिक मनुष्य. ठगांचा बंदोबस्त केल्याबद्दल त्याची ख्याती होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो अवधच्या दौऱ्यावर निघाला, सुमारे तीन महिने गावोगाव हिंडला, आणि लुटलेली खेडी, ओस पडलेली शेते, जामिनादाखल धरलेली माणसे यांची इतकी तपशीलवार दैनंदिनी त्याने लिहिली की, पुढे राज्य खालसा करणाऱ्यांना तीहून प्रबळ पुरावा शोधावा लागला नाही. आणि हाच स्लीमन खालशाच्या विरुद्ध होता. कंपनीने कारभार हाती घ्यावा, पण वसुलातला एक पैसा स्वतःसाठी घेऊ नये, राज्य राजघराण्याचे व रयतेचे राहू द्यावे, असे त्याचे मत. एतद्देशीय राज्ये गिळली तर शिपायांच्या निष्ठेस तडा जाईल हेही त्याने बजावून ठेवले होते. तो आजारी होऊन मायदेशी जाण्यास निघाला आणि १८५६ च्या १० फेब्रुवारीस जहाजावरच वारला. अवध खालसा होऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. त्याचा प्रवासग्रंथ १८५८ साली लंडनला निघाला, म्हणजे त्याने वर्तविलेला अनर्थ घडून गेल्यानंतर.

डलहौसीस अवधची आशा जुनीच होती. हे फळ बराच काळ पिकत आले आहे व एके दिवशी आपसूक आपल्या तोंडात पडेल, अशा अर्थाचे वाक्य त्याने १८५१ सालीच एका खासगी पत्रात लिहून ठेवले आहे. परंतु सातारा १८४८ साली, आणि नागपूर व झांशी १८५४ साली ज्या युक्तीने घशात घातली, ती युक्ती येथे लागू पडत नव्हती. तेथे दत्तक नामंजूर करून गादी बेवारस ठरविता आली, पण वाजिद अलीस पुत्र होते, भाऊ होता, आणि कंपनीशी त्या घराण्याने कधी बेइमानी केलेली नव्हती. उरली सबब एकच, ती बदअंमलाची. ती सिद्ध करण्याचे काम १८५४ च्या अखेरीस लखनौस आलेल्या औट्रमकडे सोपविण्यात आले.

हा औट्रम आपल्याकडील वाचकांस अपरिचित नसावा. खानदेशात धरणगावी भिल्लांची पलटण उभारणारा तो हाच. सिंध खालसा करण्यावरून नेपियरशी उघड भांडणारा तो हाच. आणि बडोद्याच्या दरबारातील लाचलुचपतीवर 'खटपट' या आपल्या देशी शब्दासकट अहवाल लिहून मुंबई सरकारची खप्पामर्जी ओढवून घेणाराही तो हाच. असा मनुष्य निरुपायाने का होईना, अवधच्या खालशाचा हस्तक झाला. लखनौस येऊन जेमतेम काही महिने झाले असता, १८५५ च्या मार्चमध्ये त्याने आपला अहवाल पाठविला. त्यातला बहुतेक मजकूर स्लीमनच्या दप्तरातून उचललेला होता. डलहौसीचे स्वतःचे मत असे पडले की राजाची पदवी राखून कारभार तेवढा कायमचा ताब्यात घ्यावा. लंडनच्या संचालकांनी त्यापुढे जाऊन खालशाची मुभा दिली, आणि तो हुकूम १८५६ च्या जानेवारीच्या आरंभी कलकत्त्यास येऊन पोहोचला.

मध्ये एक अडचण होती, आणि ती कंपनीस लाज आणणारी होती. १८३७ साली गव्हर्नर जनरल ऑकलंडने अवधशी केलेल्या तहात असे कलम होते की, कारभार बिघडल्यास कंपनीने तो चालवावा, शिल्लक राजाच्या खजिन्यात भरावी, आणि घडी बसताच राज्य परत करावे. हा तह विलायतेत नामंजूर झाला. पण ऑकलंडने लखनौच्या दरबारास त्यातील पैशाचे कलम तेवढे रद्द झाल्याचे कळविले, सारा तह रद्द झाल्याचे कळविलेच नाही. १८४५ साली सरकारनेच छापलेल्या तहांच्या संग्रहात तो जिवंत तह म्हणून समाविष्ट आहे. खालशाच्या वेळी अवधच्या बाजूने त्याचा आधार घेतला गेला, तेव्हा तो तह मुळी अस्तित्वातच नाही असे उत्तर मिळाले.

कानपुरास फौज जमू लागली होती. ३० जानेवारीस औट्रम लखनौस परतला व त्याने वजीर अली नकी खान यास नव्या तहाचा मसुदा दाखविला. राज्याची दिवाणी, फौजदारी व वसूल कायमचे कंपनीकडे, राजास पदवी, सालिना बारा लाखांची नेमणूक आणि वाड्याच्या आवारापुरती हुकमत. राजमाता मलिका किश्वर हिने औट्रमची भेट घेऊन मुदत मागितली. ती मिळाली नाही. ४ फेब्रुवारीस सकाळी औट्रम राजवाड्यात गेला तेव्हा वाजिद अलीने आपल्या तोफा गाड्यांवरून उतरवून ठेविल्या होत्या आणि पहारेकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली होती. त्यांनी रेसिडेंटला नुसत्या हातांनी मुजरा केला. राजाने मसुदा वाचला, तह बरोबरीच्या माणसांत होतात, माझ्यासारख्याशी सरकारने तो करण्याचे प्रयोजन काय, अशा आशयाचे उद्गार काढले, आणि डोईची पगडी उतरून औट्रमच्या हाती ठेवली. तो रडला हे औट्रमने स्वतः नमूद केले आहे. पण सही त्याने केली नाही, आणि पुढील तीन दिवसांच्या मुदतीतही केली नाही. ७ फेब्रुवारीस जाहीरनामा लागला. औट्रम रेसिडेंट होता तो चीफ कमिशनर झाला.

प्रेमचंदांच्या कथेत नबाब कैद होऊन फौजेबरोबर जातो. प्रत्यक्षात तो १३ मार्चला आपण होऊन निघाला, कलकत्त्यास जाऊन डलहौसीच्या जागी आलेल्या कॅनिंगपुढे आणि तेथून विलायतेत आपली कैफियत मांडावी म्हणून. कलकत्त्यास त्याची प्रकृती ढासळली, तेव्हा वृद्ध राजमाता राजाचा धाकटा भाऊ आणि युवराज यांस घेऊन विलायतेच्या जहाजावर चढली. साताऱ्याच्या गादीसाठी रंगो बापूजींनी चौदा वर्षे लंडनच्या पायऱ्या झिजवून जे पदरी पाडून घेतले होते, त्याहून अधिक काही तिच्याही पदरी पडले नाही. १८५८ च्या जानेवारीत पॅरिस येथे ती वारली व तेथील पेर लाशेझच्या दफनभूमीत तिला पुरण्यात आले. राजा १८५७ च्या जूनपासून दोन वर्षे फोर्ट विल्यममध्ये अटकेत होता, आणि पुढे कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे नेमणूक घेऊन, गाणे-बजावणे व पशुपक्ष्यांचा संग्रह यांत रमून, १८८७ साली मरण पावला.

लखनौत मात्र रक्त सांडलेच. ते एक वर्ष उशिरा सांडले. राजाची फौज मोडल्यामुळे हजारो शिपाई बेकार झाले. बंगाल लष्करात अवधच्या खेड्यांतील माणसांचा भरणा मोठा असल्याने घरचे दुःख छावण्यांत पोहोचले. आणि घाईने केलेल्या १८५६ च्या जमाबंदीने तालुकदारांकडील गावांचे प्रमाण शेकडा ६७ वरून ३८ वर आणले. १८५७ च्या जुलैत बेगम हजरत महल हिच्या पोटी झालेल्या राजाच्या अल्पवयीन पुत्रास, बिरजिस कदरास, गादीवर बसवून जी लढाई झाली, ती शिपायांची, तालुकदारांची आणि कुळांचीही होती. ज्या राजासाठी कोणी डोळ्यांतून टिपूस काढले नाही असे कथेत म्हटले आहे, त्याच्या पोराच्या नावाने सारा मुलूख उठला. या एका वस्तुस्थितीने कथेतील ऐतिहासिक विधानाचा निकाल लागतो.

मग प्रेमचंदांसारख्या सावध लेखकाने असे का लिहिले? त्यांची देशभक्ती संशयातीत होती. त्यांचा 'सोज़े वतन' हा संग्रह सरकारी रोषास बळी पडला होता, आणि १९२१ च्या फेब्रुवारीत त्यांनी सरकारी नोकरीवर पाणी सोडले होते. अवध नालायक होते हे पार्लमेंटापुढे ठेवलेल्या १८५६ च्या कागदपत्रांतील म्हणणे, आणि लखनौचे अमीर नालायक होते हे या कथेचे म्हणणे, ही वरवर एकाच सुरात निघतात ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे; पण दोहोंचे लक्ष्य निराळे होते, असे माझे मत आहे. बंड शमल्यावर इंग्रजांनी बहुतेक तालुकदारांस सनदा देऊन त्यांच्या जमिनी परत केल्या, १८६१ साली त्यांची सभा कैसरबागेत स्थापन झाली, आणि ज्यांच्या गढ्या तोफांनी उडविल्या त्यांचेच वंशज राज्याचे आधारस्तंभ झाले. १९२० साली याच तालुकदारांच्या नजराण्यांविरुद्ध आणि बेदखलीविरुद्ध अवधची कुळे उठली. त्यांचा पुढारी बाबा रामचंद्र हा मूळचा महाराष्ट्रीय ब्राह्मण, फिजी बेटावर गिरमिटी मजूर म्हणून राबून आलेला, तुलसीरामायणाच्या चौपाया गात गावोगाव सभा घेणारा. १९२१ च्या ७ जानेवारीस रायबरेलीजवळ मुन्शीगंज येथे कुळांवर गोळीबार झाला, पुढल्याच महिन्यात बाबा तुरुंगात गेला, आणि रईस मंडळी सरकारच्या बाजूस स्वस्थ उभी राहिली. जमीनदार व कूळ यांवरील 'प्रेमाश्रम' ही कादंबरी प्रेमचंदांनी याच सुमारास प्रसिद्ध केली होती. मीर आणि मिर्झा यांचा पोशाख १८५६ चा आहे. ज्यांच्यावर लेखकाचा राग आहे ती माणसे १९२१ ची आहेत.

सत्यजित रायांनी १९७७ साली या कथेवर, बंगालीबाहेरचा आपला पहिला पूर्ण लांबीचा, चित्रपट केला, तेव्हा कथेत जे नव्हते ते त्यांनी परत आणले. संजीव कुमार व सईद जाफरी यांचा खेळ एका बाजूस चालू ठेवून दुसऱ्या बाजूस त्यांनी रिचर्ड ॲटनबरोच्या रूपाने औट्रम आणि अमजद खानच्या रूपाने वाजिद अली उभा केला. १८०१ चा तह, कोटींची कर्जे, डलहौसीचे ते पिकलेले फळ, सारे चित्रपटाच्या प्रारंभीच येते. तरीही राजबन्स खन्ना यांनी 'इलस्ट्रेटेड वीकली'त १९७८ साली आक्षेप घेतला की, रायांनी वाजिद अलीस बायकी व नादान दाखवून इंग्रजांचाच कित्ता गिरविला. त्याच साप्ताहिकात रायांनी शररसह अनेक आधार देऊन त्याचे सविस्तर खंडन केले. मला तो चित्रपटातील राजा नादान वाटत नाही. आपणास राज्य करता आले नाही हे कबूल करतो आणि तरीही सही करीत नाही, असा तो आहे. आणि हा निर्धार कागदोपत्री सिद्ध आहे.

सर्वांत मोठा फेरफार रायांनी शेवटी केला. त्यांचे मीर-मिर्झा मरत नाहीत. गोळी सुटते, ती शाल फाडून जाते, आणि कंपनीची फौज शहरात शिरल्यावर दोघे पुन्हा पट मांडतात, या वेळी इंग्रजी रीतीने, जीत वजिराच्या जागी राणी असते आणि डाव लवकर आटोपतो. कित्येक टीकाकारांस हा शेवट कथेच्या मानाने पिळपिळीत वाटला. लखनौचे नागर जहागीरदार आणि खेड्यांतील तालुकदार हे दोन निराळे वर्ग हे लक्षात ठेवूनही मला तो इतिहासास अधिक धरून वाटतो. कारण १८५६ नंतर वसीकेदारांनी वसीके घेतले, तालुकदारांनी सनदा घेतल्या, आणि नव्या अंमलाच्या रीतीभाती दोघांनीही फार वेळ न दवडता शिकून घेतल्या. प्रेमचंदांनी त्यांना मारले ते त्या वर्गास जिवंत पाहून. १९५२ साली उत्तर प्रदेशात जमीनदारी कायद्याने संपुष्टात आल्यावर, पाव शतकाने, रायांना त्यांना जगू देणे परवडले.